जेवलात का?

विमा विकणाऱ्या कॉल सेंटरात ती लागली, त्याच दिवशी साहेबांनी ओळखीतले नंबर मागितले आणि तिने बेधडक एकट्या राहणाऱ्या आत्याचा नंबर देऊन टाकला. मग काय, आत्याचा फोन वाजायचा थांबेचना. "मेले डोकं उठवतात," आत्या करवादली, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नको असलेले फोन अडवायच्या सरकारी यादीत तिने गुपचूप आत्याचा नंबर घातला.

पुढच्या खेपेला आत्याने फोन पुढे केला. "बिघडलाय का बघ गं. एक पोरगी रोज विचारायची, आजी, जेवलात का?"

फोन ठणठणीत होता. ते वाक्य ऑफिसने सगळ्यांकडून घोकून घेतलेलं. तीही दिवसभर परक्यांना तेच विचारायची.

"आत्या, जेवलीस का?" तिने विचारलं. सूर ऑफिसचाच निघाला.