बाळंतपणाला निघालेले दिनानाथकाका

दिनानाथ केळुसकर अणुसंशोधनाच्या एका संस्थेतून निवृत्त झाले आणि फुलपाड्यात आमच्या शेजारी राहायला आले. रुक्मिणीकाकू त्याआधीच गेलेल्या. एकुलती एक मुलगी हेमांगी लग्न होऊन अमेरिकेत. काका तसे बोलके, सुरमईच्या भावापासून नाटकापर्यंत काहीही चालायचं. फक्त नोकरीचा विषय निघाला की म्हणायचे, "होतं आपलं काहीतरी." कामावर लागताना गुप्ततेची शपथ घेतलेली. ती त्यांनी काकूंपाशीसुद्धा मोडली नव्हती म्हणे. मग आमच्या बिल्डिंगने परस्परच त्यांना शास्त्रज्ञ करून टाकलं. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात पोखरणला स्फोट झाले, तेव्हा लोकांनी हार घातला तो काकांनाच.

"अहो, मी काही केलेलं नाही," ते सांगत राहिले. कुणी ऐकलं नाही.

त्याच सुमारास कळलं, हेमांगीला दिवस गेलेत. काहीतरी नाजूक होतं, डॉक्टरांनी झोपूनच राहायला सांगितलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण विमानात बसायची तिला मनाई. जावई परेश दिवसभर कामावर, त्याची आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली.

"मग माहेरच तिकडे जाईल," काका म्हणाले, आणि बाळाला न्हाऊमाखू कसं घालायचं ते माझ्याकडे शिकायला आले. बिल्डिंगमधल्या तान्ह्या बाळांना मीच अंघोळ घालायचे.

दुसऱ्या मजल्यावरच्या संपदाची मुलगी तेव्हा तान्ही होती. काका पाटावर बसले, पाय लांब केले. मी बाळाला त्यांच्या नडग्यांवर पालथं ठेवलं. दारात बायका तोंडाला पदर लावून उभ्या. काकांनी तेलाचं एक बोट तिच्या पाठीला टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

"काका, माझी पोरगी आहे ती, अणुबॉम्ब नाही!" संपदा ओरडली.

"त्याच्याजवळ मला कोण जाऊ देतंय, बाई," काका म्हणाले, आणि स्वतःच इतके हसले की बाळ रडायला लागलं.

महिन्याभरात ते तेल लावून, अंघोळ घालून, धुरी देऊन बाळाला दुपट्यात असं गुंडाळायला लागले की संपदा त्यांनाच हाक मारायची.

जुलैत व्हिसाची मुलाखत होती. स्फोटांनंतर अमेरिकेने आणि इतरही देशांनी आपल्यावर निर्बंध घातलेले. अण्वस्त्रं आणखी पसरू नयेत, ती विद्या माणसांबरोबर इकडून तिकडे जाऊ नये, म्हणून अणुसंस्थांतल्या लोकांची कसून विचारपूस व्हायची. खिडकीपलीकडून विचारलं गेलं, "तिथे तुमचं काम नेमकं काय होतं?"

काका म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही."

अर्ज पुढच्या चौकशीसाठी बाजूला ठेवला गेला.

मी चिडलेच. "काका, कारकून होतो म्हणायचंत!"

"खोटं?"

"मग खरं सांगायचंत."

"नोकरी संपली म्हणून शपथ संपते का, मीरा?" काका म्हणाले, "आणि त्यांचं तरी काय चुकलं? हे आणखी कुणाच्या हाती पडू नये, असं मलाही वाटतं. कुणीतरी विचारलंच पाहिजे."

खरं होतं ते. मला तेव्हा पटलंही. पण हेमांगीचा फोन आला की काका "निघतोच आहे गं" म्हणायचे, आणि ते मात्र साफ खोटं असायचं.

पितृपंधरवड्यात परेशचा फोन आला. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, तेव्हा हेमांगी घरात एकटी होती. उठून फोनपर्यंत पोचायलाच तिला फार वेळ लागला. मुलगी झाली. वाचली नाही. कुणी जवळ असतं तर वाचली असती का, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत.

मनाई आता कसली? सव्वा महिना पुरा व्हायच्या आत हेमांगी फुलपाड्याला आली. काकांनी तिचं सगळं रीतीप्रमाणे मांडलं होतं. बाळ नसलं तरी बाळंतीण ती होतीच. मी मऊ भात घेऊन गेले, तर बापलेक समोरासमोर बसलेले.

"बाबा, तुम्ही तिथे करायचात तरी काय?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी परत फिरले, तर म्हणाले, "थांब, मीरा. आता काय राहिलंय." मग तिला म्हणाले, "काचेची भांडी धुवायचो. प्रयोगशाळेतली. धुवायची, वाळवायची, परत द्यायची."

"कशाची भांडी?"

"ते कधी कुणी सांगितलं नाही."

हेमांगी हसली. तसलं हसू मी पुन्हा कधी ऐकलं नाही. "एवढंच? एवढं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"त्यातलं काय सांगायचं नसतं, हे मला कुठे ठाऊक होतं गं? म्हणून काहीच नाही सांगितलं."

ती उठली, आत गेली, आतून कडी लावली.

काका दाराशी गेले. "हेमा, कढत पाणी काढलंय. अंघोळ करून घे."

ती बाहेर येईपर्यंत पाणी निवू नये म्हणून त्यांनी बादलीवर एक ताट झाकलं, आणि तिथेच भिंतीला टेकून जमिनीवर बसले.