होड्यांचे बाक

खाडीतल्या त्या बेटावरचं चर्च पोर्तुगीजांच्या काळातलं. भिंतींना शिंपल्यांचा चुना आणि छत होड्या बांधणाऱ्या सुतारांचं, त्यामुळे वर पाहिलं की पालथ्या होडीच्या पोटात बसल्यासारखं वाटतं. माझी नजर मात्र बाकांवर अडकली. एकाची उंची दुसऱ्याशी जुळत नव्हती. कुठे निळ्या रंगाचे पोपडे, कुठे डांबराचे डाग.

शेजारच्या म्हाताऱ्या मावशींना विचारलं. त्या चर्चला देऊळच म्हणत होत्या.

"होडी मोडली का तिच्या फळ्यांचा बाक करून देवळाला द्यायचा, ही आमची रीत. हा आमच्या ह्यांच्या होडीचा."

मी नकळत लाकडावरून हात फिरवला. ते अजून दमट होतं. आयुष्यभर ज्याने तारलं, त्याच्यावरच टेकून प्रार्थना करायची, याहून खरी श्रद्धा कोणती असेल?

"नवा बाक एकही दिसत नाही," मी म्हटलं.

"आता सगळ्या फायबरच्या होड्या. त्याचा कसला बाक?" मावशी वेदीकडे बघत राहिल्या. "माझा पोरगा तसल्याच होडीवर होता. वादळानंतर होडी तेवढी किनाऱ्याला लागली."

मिस्सेची प्रार्थना संपली. बाहेर आले तर कबरस्तानाच्या भिंतीपाशी मावशींच्या पोराची ती पांढरी फायबरची होडी उपडी पडली होती. तिला वाळवी लागणार नाही, ती कुजणारही नाही. देवळात जागा नाही, दर्यात काम नाही; मावशी गेल्यावरही ती तिथेच असेल, तितकीच पांढरी.