कर्ण्यातून आलेला श्वास

माझा गुरुबंधू दिनकर याने घरी कर्ण्यांचे स्पीकर आणले. एवढ्याशा खोलीत ख्याल ऐकायला हे भोंगे कशाला, असं मी म्हणालो. त्यावर त्याने गुरुजींच्या शेवटच्या बैठकीची टेप लावली आणि तो माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला.

ती मी कितीदा तरी ऐकली होती. पण आज प्रत्येक समेवर, आम्हा शिष्यांच्या "वाह"खाली, गुरुजींच्या छातीतली बारीक घरघर ऐकू आली. आम्ही दाद द्यायचो आणि त्या आवाजाआड ते श्वास गोळा करायचे. महिन्याभरात ते गेले, तेव्हा आम्हाला सगळं अचानक वाटलं होतं. घरात बसून इतकं स्वच्छ ऐकावं का, कोण जाणे.

टेप संपली. घरघर मात्र शेजारच्या खुर्चीतून येतच राहिली.

"कसे वाटले कर्णे?" दिनकरने विचारलं.

"वाह," मी म्हणालो.