गुदवैगचे लाडावलेले मासे

गुदवैग आमच्या समुद्रातल्या सॅल्मनच्या पिंजऱ्यांवर कित्येक वर्षं काम करते आहे. बोलायला फटकळ, पण मुक्या जिवापुढे अगदी मेण. सॅल्मनच्या अंगावरच्या उवा टिपून खाव्यात म्हणून आम्ही पिंजऱ्यात चिकटे मासे सोडतो. गोलमटोल, पोटाला चकती, टेकतील तिथे चिकटतात. हिने त्यांच्यावर जीवच लावला. थंडीत त्यांना मोजका चारा द्यायचा असतो. ही येता-जाता मूठ-मूठ जास्तीचा टाकायची. ते तिच्या हातमोज्याला चिकटून वर यायचे आणि बाई खूश.

वसंतात उवा वाढल्या. सरकारी मर्यादा ओलांडायला थोडंच उरलं होतं. आमचा प्रमुख तुर्लाइव म्हणाला, पंधरवड्यात फरक पडला नाही तर गरम पाण्याची बोट बोलावतो. त्या बोटीवर मासे गरम पाण्यातून काढतात आणि उवा गळून पडतात. पण यंदा सॅल्मनचे कल्ले नाजूक झाले होते, त्यांतले किती तगतील याची शाश्वती नव्हती. चिकटे तर त्यात बहुतेक मरतातच. गुदवैगने त्या दिवशी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

शेवटी मीच तिला सुनावलं. मेलेल्या एका चिकट्याचं पोट फाडून पाहिलं होतं. आत नुसता चारा, ऊ औषधालाही नाही.

"अगं, आयतं ताट मिळाल्यावर उवा टिपायला कोण जाईल?" मी म्हटलं. "तू त्यांना जावई करून ठेवलंयस."

ती माझ्यावर डाफरली. पण दुसऱ्या दिवसापासून वरचा खाऊ बंद झाला.

तो पंधरवडा तिला फार जड गेला. चिकटे काठाशी येऊन तोंडं वासायचे, ही पाठ फिरवून दोर आवरत बसायची. एकदा तिने मूठ भरलेली मी पाहिली. मग तिने तो चारा परत पोत्यात टाकला. मला तिची खरंच दया आली.

मोजणीच्या दिवशी काही सॅल्मन काढून गुंगीच्या पाण्यात ठेवले. तुर्लाइव एकेक उलटून पाहत होता. उवा निम्म्याहून कमी झाल्या होत्या. त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने दुसऱ्या पिंजऱ्यातलेही काढायला लावले. तिथेही तेच. मग त्याने फोन करून बोट नको म्हणून कळवलं.

"काय केलंस तू?" त्याने गुदवैगला विचारलं.

"काहीच नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "तेवढंच मला जमत नव्हतं."