दोन पात्यांची तलवार

माझा भाऊ गेला तो मंगळवार होता. सोल्डरिंगचा वास आला की मात्र त्याआधीची एक दुपार आठवते. तो दशावतारात राक्षसाचं काम करायचा. अंथरुणातूनच तो जत्रेसाठी एलईडीची, मधे मूठ आणि दोन्हीकडे पातं अशी तलवार माझ्याकडून बनवून घेत होता. त्याला आम्ही नुसती कावीळ सांगितली होती. खरा रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता, ती मी जवळून हलवत नव्हते, आणि त्याच्यासमोरून उठून जायला निमित्त सापडत नव्हतं. तो सांगत होता, "सेल मुठीत घाल गो, टोकाक नको. फिरवताना वजन हात ओढता. आणि दोन्ही पात्यांक सेल वेगळे. एक पातां विझलां तरी दुसरां पेटता रवतलां." मी तसं केलं. मूठ बोटावर तोलली, पाती सरळ राहिली. त्याने तलवार उचलली आणि लगेच मांडीवर ठेवली. "तलवार बरी आसा. हातच नाय. आता तुझ्या पर्समधलो रिपोर्ट वाच." मी वाचला. तलवार माझ्या कपाटावर आहे. सेल काढून ठेवले आहेत.