काईल आपसूक बिघडत न्हाई

उकळता पाक पारखायला दौलूआण्णा पळी वापरत नसे. हात गार पाण्यात बुडवायचा, तोच काईलीत घालून थोडा पाक उचलायचा, पुन्हा पाण्यात धरून त्याची गोळी वळायची आणि काईलीच्या काठावर मारायची. टण्ण वाजली की गूळ झाला. कृष्णाकाठच्या त्या गावात गुळव्या म्हणून त्याचा शब्द शेवटचा मानत. पुढे इतर बाबतीतही मानू लागले.

गूळ कधीतरी बिघडतोच. ऊस कोवळा असतो, चुना जास्त पडतो. दौलूआण्णाला ही कारणं मान्य नव्हती. "काईल आपसूक बिघडत न्हाई, गड्या. कुणीतरी बिघडवतंय." एका हंगामात गूळ पातळ राहिला, तेव्हा त्याने जाळ घालणाऱ्या गड्यावर काईलीत लिंबू पिळल्याचा आळ घेतला आणि त्याला हाकललं. दुसऱ्या दिवशी नवा गडी होता, ऊस त्याच फडातला. गूळ पुन्हा पातळच. दौलूआण्णा म्हणाला, "बगा, जाताजाताबी करून गेला."

अठ्ठेचाळीसच्या जानेवारीअखेर दिल्लीत ती हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातला ब्राह्मण निघाला आणि सातारा-सांगलीकडे ब्राह्मणांची घरं पेटली. या गावात असं घर एकच होतं, निवृत्त मास्तरांचं. हत्येची बातमी ऐकून मास्तरांच्या बायकोने, उमाकाकूंनी, साखर वाटली अशी आवई उठली. दौलूआण्णाच्या गुऱ्हाळावरची वाळली चिपाडं मास्तरांच्या दारात रचली गेली. शेजारच्या मुलाण्याने दोघा म्हाताऱ्यांना मागच्या दाराने काढून गाडीत घातलं आणि सांगलीला पोचवलं.

खटला साताऱ्याला चालला. तिथल्या एका साप्ताहिकासाठी मी तो लिहीत होतो. गुन्हा शाबीत झाल्यावर न्यायाधीशांनी दौलूआण्णाला काही सांगायचं आहे का, असं विचारलं. तो म्हणाला, "आमी पेटिवलं न्हाई. त्यांनीच पेटिवलं, आमाला आडकवाया. आन आमी पेटिवलं आसंल, तर बराबरच केलं."

"यातलं कोणतं लिहून घ्यायचं?"

"दोनीबी लिवा."

आरोपीच्या पिंजऱ्यातले बाकीचे हसले. तो हसला नाही.

पावसाळ्यात मास्तर सांगलीतच वारले. विश्रामबागेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत उमाकाकू एकट्या राहिल्या. त्यांना परत जायचं होतं. नवव्या वर्षी लग्न होऊन त्या ज्या घरात आल्या, त्याचं जोतं तरी शिल्लक होतं. त्यांनी गावाला निरोप धाडला. पाटलाचं उत्तर सरळ होतं. साखर वाटली नव्हती एवढं दौलूआण्णाने म्हणावं, मग घर बांधायला कुणी आडवं येणार नाही.

म्हणून काकू तुरुंगात त्याला भेटायला आल्या. सोबत मी होतो. भेटीचा दिवस असल्याने त्याची बायको पारूबाईही आली होती.

काकू म्हणाल्या, "दौलू, त्या शुक्रवारी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिळाच्या वड्या दिल्या. बोलावणं आठ दिवस आधी गेलं होतं. तुझ्या घरीही गेलं होतं."

दौलूआण्णाने मान डोलावली. "त्येच म्हंतोय मी. आट दिस आदी. म्हंजी तुमास्नी आदीच ठाव हुतं."

"आवं, काय बोलताय?" पारूबाई गजाला धरून म्हणाली. "रथसप्तमीपातुर समद्याच बाया हळदीकुंकू करत्यात. मंगळवारी आपल्यात न्हवतं का केलं? मी काकींकडनं दिवं लागायच्या आत घरी आले. गावात बातमी आली ती जेवणं झाल्यावर."

"तुला रांदण्यातलं कळतंय, राजकारणातलं न्हाई."

"वडी तुमीच खाल्ली की. झाक झालीय म्हनला. गूळबी आपल्याच काईलीचा हुता."

तो काही वेळ आपल्या हाताकडे बघत राहिला. बोटांना भाजल्याचे जुने पांढरे वण होते. तो कबूल होईल असं त्या क्षणी मला वाटलं.

"म्हून तर," तो म्हणाला. "माझ्याच गुळाची वडी मला चारली. किती लांबचा डाव आसंल, बगा."

काकूंनी आवाज चढवला नाही. "माझं घर जाळलंस, ते मी मागत नाही. एवढं एक वाक्य म्हण. मला माझ्या गावात मरू दे."

"काकी, तुमी आमाला आईसारख्या. पर शबूद मिळायचा न्हाई. आज मी म्हनलो साखर न्हवती वाटली, तर आमी हितं कशापायी बसलोय?"

या माणसाच्या तोंडून मी ऐकलेली एवढीच एक खरी गोष्ट. ती म्हटल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नसावं. पहारेकऱ्याने वेळ संपल्याचं सांगितलं. बाहेर आल्यावर पारूबाई काकूंच्या पाया पडली. काकूंच्या कपाळी आता कुंकू नव्हतं.

एकोणपन्नासच्या अखेरीस तो सुटून आला. गावाने त्याला वाजतगाजत नेलं. हंगाम सुरू झाल्यावर मी गुऱ्हाळावर गेलो. तोवर काकूही सांगलीतच वारल्या होत्या. हे त्याला ठाऊक होतं, पारूबाईनेच सांगितलं होतं. मास्तरांच्या घराच्या काळ्या जोत्यावर त्याने चिपाडांची गंजी रचली होती. जागा कोरडी आहे, म्हणाला.

तुरुंगातल्या दिवसांबद्दल काही वाटतं का, असं मी विचारलं. त्याने हात गार पाण्यात बुडवला, पाक उचलला, गोळी वळून काठावर मारली. आवाज बद्द आला. जाळावर बसलेल्या गड्याकडे त्याने एकदा संशयाने पाहिलं.

मग जोत्याकडे हनुवटी करून मला म्हणाला, "काय वाटायचंय? म्हातारी मरस्तवर गावाकडं फिरकली न्हाई. मनात पाप नसतं, तर आली नसती व्हय?"

पारूबाई तिथेच बसून चिपाडं वेचत होती. ती उठून गेली.