फुगलेल्या रिंगचं माप

आराकावा नदीच्या बांधाखाली पूर्वी घरटी एक छोटा कारखाना होता. आता तिथे रबर कापणारा एकच माणूस उरलाय, सादायोशी तारुमी. वय एकाहत्तर. बायको हात्सुए जाऊन सहा वर्षं झाली. तीस वर्षं याने दुसऱ्याच्या कारखान्यात पंपांची वॉशर कापली आणि कारखान्याला टाळं लागलं तेव्हा तिथलं हाताने दाबायचं जुनं मशीन घरी आणलं. जिथे चार भली माणसं पाहुण्यांना बसवतात, तिथे याने मशीन बसवलं. हात्सुए दोन दिवस बोलली नव्हती.

त्याची गिऱ्हाइकं म्हणजे पन्नाशी-साठीचे बाप्ये. दर रविवारी रानात जाऊन एकमेकांवर प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडायच्या, हा त्यांचा उद्योग. घरची माणसं कपाळावर हात मारतात, पण यांना कोण सांगणार? बंदूक खेळण्यातली असली तरी गॅसवर चालते. गॅस भरायचा तो मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्यांच्या डबीच्या, बुडाशी असलेल्या व्हॉल्व्हमधून, आणि त्या व्हॉल्व्हच्या पोटात मसुराएवढी रबरी रिंग असते. ती गेली की अख्खं मॅगझिन फुसकं. त्यातून जुन्या बंदुका बनवणाऱ्या कंपन्यांनी कधीच गाशा गुंडाळलेला. मग हे लोक उएनोचा बाजार पालथा घालतात, नळाची वॉशर बसवून बघतात, ती आठवड्यात लिबलिबीत होतात, आणि शेवटी नाक मुठीत धरून तारुमीच्या दारात येतात.

तारुमीचा एक नेम होता. व्हॉल्व्हमधून काढलेली जुनी रिंग लगेच मोजायची नाही. वर्षानुवर्षं गॅस पिऊन रबर फुगलेलं असतं. ती एक दिवस कागदावर उघडी ठेवायची, गॅस निघून जाऊ द्यायचा, ती आपल्या मूळ अंगावर आली की मग माप घ्यायचं. फुगलेल्या रिंगचं माप घेतलं तर नवी रिंग मोठी होते, आतली पिन अडकते आणि गॅस सुसू करत बाहेर. कुणा नवख्या गिऱ्हाइकाने ही चूक केली की तारुमी म्हणायचा, "जेवून उठलेल्या माणसाच्या कमरेचं माप घेतलंस होय रे?"

उन्हाळ्यात त्याने गॅसवर किटली ठेवली आणि फिरायला निघून गेला. शेजारणीने धूर बघितला म्हणून घर वाचलं. सेंदाईहून मुलगी काझुए धावत आली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. काझुएचं म्हणणं, आता एकटं राहायचं नाही, माझ्याकडे चला.

"किटली विसरणं वेगळं," तारुमी म्हणाला. "माझे हात विसरत नाहीत. ज्या दिवशी कामात चूक होईल, त्या दिवशी मी स्वतः तुला फोन करीन. मशीन विकून टाक, मला घेऊन जा. तोवर हा विषय नको."

"बाबा, शब्द देताय?"

"दिला."

तारुमी शब्दाचा पक्का. तिनेही मग तो विषय काढला नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी निशिवाकी आला. हा निवृत्त बस ड्रायव्हर, वीस वर्षांचं गिऱ्हाईक आणि तोंडाचा फाटका. कुठल्याही वस्तूला चांगलं म्हणणं त्याच्या कुंडलीत नव्हतं.

"उस्ताद, आठ रिंगा पाहिजेत. रविवारी खेळ आहे. मागच्या वेळेसारखा गाढवपणा करू नका."

"मागच्या वेळी काय झालं होतं?"

"काही नाही. सवय म्हणून बोललो."

त्याने नमुन्याला एक मॅगझिन आणलं होतं. तारुमीने व्हॉल्व्ह खोलला, रिंग काढली, मापाला लावली. सहा पूर्णांक चार मिलिमीटर. कागदावर लिहिलं आणि आठ रिंगा दाबून काढल्या. निशिवाकी सातूचा चहा पीत त्याच्या हातांकडे बघत बसला होता. एकदा त्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं.

बुधवारी त्याचा फोन आला. "उस्ताद, झकास बसल्या. आठही. एक थेंब गॅस जात नाही. तुमच्यासारखे हात नाहीत कुणाचे."

तारुमीने फोन ठेवला. त्याला बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

गुरुवारी दुपारी मशीन पुसताना त्याला कागदावर ती जुनी रिंग दिसली. आक्रसून गेली होती. मोजली. पाच पूर्णांक नऊ. शेजारी त्याच्याच अक्षरात लिहिलेलं, सहा पूर्णांक चार. त्याने पुन्हा मोजली. मग तिसऱ्यांदा. डोक्यावर टोपी घालून तो तडक निशिवाकीकडे निघाला.

निशिवाकी अंगणात पर्सिमनची फळं सोलून वाळत घालत होता.

"एक मॅगझिन भरून दाखव मला," तारुमी म्हणाला.

"गॅस संपलाय हो."

"रविवारी खेळ आहे आणि तुझ्याकडे गॅस नाही?"

"उस्ताद, बसा तरी. सांगितलं ना, मस्त बसल्या."

"निशिवाकी, वीस वर्षांत तू माझ्या कामाला कधी मस्त म्हटलं नाहीस. हात्सुएच्या दिवसकार्याला जेवलास, तेव्हाही भात कच्चा म्हणालास. मी समोर बसून फुगलेल्या रिंगचं माप घेतलं. तू बघत होतास. बोलला का नाहीस?"

निशिवाकीने सुरी खाली ठेवली. "काय बोलू?"

"आत्तापर्यंत किती वेळा?"

"वसंतापासून," निशिवाकी म्हणाला. "आम्ही सगळेच. तुमच्याकडून घेतो आणि घरी आणून टाकून देतो. मूळ माप काढायला तुम्हीच शिकवलंत, त्या मापाच्या रिंगा तैवानहून मागवतो. पण तुमच्याकडे यायचं थांबवलं असतं, तर तुम्ही दिवसभर केलं काय असतं? तिला दिलेला तुमचा शब्द ठाऊक आहे मला, पण काझुएला कळवू नका, उस्ताद. तिला कोण सांगतंय?"

तारुमीला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वसंतापासून ही माणसं आपल्याला लहान मुलासारखं खेळवतायत, आणि आपण ऐटीत रिंगा मोजून देतोय! लाजेने त्याचे कान तापले. तो उठला आणि बांधावरून चालत घरी आला.

चार वाजले होते. टोपी न काढताच त्याने फोन उचलला. आयुष्यात कधी शब्द फिरवला नव्हता, आज फिरवणार नव्हता.

"काझुए, मी बोलतोय. कामात चूक झाली. फुगलेल्या रिंगचं माप घेतलं मी. ठरल्याप्रमाणे ये तू. मशीनला गिऱ्हाईक बघ."

पलीकडून रेल्वेगाडीचा खडखडाट ऐकू येत होता.

"बाबा, मी गाडीतच आहे," ती म्हणाली. "सुट्टी काढून दुपारी निघाले, तासाभरात पोचते. सकाळी नऊला तुम्हीच फोन केलात ना? हेच सांगितलंत, सहा पूर्णांक चार आणि पाच पूर्णांक नऊ."

तारुमीने मशीनकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. सकाळचं काही म्हणजे काही आठवेना.

"बाबा? आठवतंय ना?"

"आठवतंय तर," तो म्हणाला. "न आठवायला काय झालं? निघालीस का, तेवढंच बघायला फोन केला."